गुडघ्याच्या एसीएल ऑपरेशननंतरचे आठ महिने: घरात आणलेल्या वस्तूंपैकी काय कामी आलं

सोलापुरात विजापूर रोडवर स्कूटी घसरली, सावरायला डावा पाय टेकवला आणि गुडघाच फिरला. मार्चअखेर ऑपरेशन झालं. मांडीमागचा टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, काढून त्याचं नवीन एसीएल केलं; एसीएल म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट. घरी येताना हातात वस्तूंची यादी होती. घर मात्र साखर पेठेतलं, जुनं. शहाबादी फरशी, दाराला उंबरा आणि भारतीय संडास.

यादीत नसलेलीच वस्तू पहिल्या रात्री लागली: कमोड खुर्ची. ब्रेस, म्हणजे पायाला बांधायचा पट्ट्यांचा आधार, लावलेला पाय सरळ, उकिडवं बसणार कसं? ह्यांनी दुसऱ्या दिवशी धावपळ करून घडीची खुर्ची आणली. तिचं भांडं काढलं की ती संडासाच्या भांड्यावर नीट बसते, पायांची उंचीही बदलता येते. ओल्या फरशीवर मात्र ती सरकते. पायांची रबरं बघूनच घ्या, आणि आधाराला भिंतीत दांडी ठोकून घ्या. ही खरेदी ऑपरेशनच्या आधीच करायची असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

लांब, बिजागरीवाल्या ब्रेसने जीव नको केला. काम चोख करतो. बाजूच्या डायलवर पाय किती अंश वाकेल ते ठरवता येतं, आणि फिजिओ सांगेल तसं ते वाढवत जायचं. पण सोलापूरचा एप्रिल-मे! आतला फोम घामाने चिंब, मांडीवर पुरळ. शेवटी ह्यांच्या जुन्या बनियनचा पट्टा कापून आत घातला, तेव्हा जरा बरं वाटलं. वेल्क्रोने दोन गाऊन खाल्ले ते वेगळंच. शिवाय तीन आठवड्यांत मांडी इतकी उतरली की ब्रेस पोटरीवर घसरायला लागला. पट्टे रोज नव्याने आवळावे लागतात.

पाय आपोआप वाकवणारं सीपीएम मशीन दहा दिवस भाड्याने आणलं, आणि ते पैसे वाया गेले असंच माझं मत. मशीन पाय हलवतं, मांडी मात्र झोपलेली. लाईट गेली की तेही बंद. तेच काम टर्किश टॉवेलने केलं. टाचेखाली घडी घालून शहाबादीवर टाच सरकवत आणायची. फरशी गुळगुळीत असल्याचा एवढा तरी फायदा. त्याच टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची म्हणजे गुडघा पूर्ण सरळ व्हायला मदत होते. सासूबाई मायेने गुडघ्याखाली उशी सरकवायच्या, मी काढायची, त्या पुन्हा ठेवायच्या. तशी सवय लागली तर गुडघा सरळच होत नाही, हे फिजिओने त्यांना समोर बसवून सांगितलं तेव्हा कुठे ते थांबलं.

बर्फाचे जेल पॅक दोन घ्या. एक पायावर असताना दुसरा फ्रीजरमध्ये हवा. पंच्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं; थेट कातडीवर ठेवू नका.

कुबड्यांत मी आधी काखेच्या घेतल्या. भार काखेवर टाकायची चूक केली आणि हाताला मुंग्या आल्या. काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटं अंतर हवं आणि वजन तळहातांवर. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे मी जिना चढताना मोठ्याने म्हणायचे, मुलगा हसायचा.

थेराबँड, म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा, स्वस्त आहे, चालतो, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. जुनी व्यायामाची सायकल दुसऱ्या महिन्यापासून चालवतेय, सीट उंच ठेवून.

एक गोष्ट वस्तूंबद्दलची नाही, पण लिहितेच. तिसऱ्या महिन्यात पाय इतका बरा वाटतो की ब्रेस फेकून द्यावासा वाटतो. नेमकं त्याच सुमारास नवीन लिगामेंट कच्चं असतं. मी त्या दिवसांत बाजारहाट करून आले आणि गुडघा सुजवून घेतला. फिजिओची बोलणी खाल्ली, ती रास्त होती.

आता ब्रेस कपाटात आहे, कुबड्या माळ्यावर. कमोड खुर्ची मात्र मावशीकडे गेली. तिचं दुखणं संधिवाताचं, पण संडास आमच्यासारखाच.