नेमका प्रश्न की मोकळा प्रश्न?

गेमिंगच्या ग्रुपवर कोणते प्रश्न चालवून घ्यायचे, यावर दोन पंथ आहेत.

कडक पंथ म्हणतो, ज्याचं उत्तर तपासून बघता येतं तेवढंच विचारा. 'माइनक्राफ्टमध्ये हिरे कुठल्या पातळीवर जास्त सापडतात?' हा तसा प्रश्न. २०२१ मध्ये या खोदकामाच्या गेमची १.१८ आवृत्ती आली आणि वाय (म्हणजे गेममधली उंची) ११ च्या आसपास सापडणारे हिरे उणे ५९ च्या आसपास गेले. जुनं उत्तर चुकलंय हे कोणीही खोदून दाखवू शकतो. प्रश्नात आवृत्ती लिहिलेली हवी, एवढंच.

मोकळ्या पंथात 'आता कुठला गेम घेऊ?' हेही चालतं. नवखा बुजत नाही, गप्पा रंगतात. पण जो तो आपला लाडका गेम सांगून जातो आणि विचारणारा होता तिथेच राहतो.

मी कडक बाजूचा, फक्त प्रश्न बंद करण्याआधी तो नेमका करायला मदत करावी. 'गेम अडकतो' याला काय सांगणार? 'सेटिंगमध्ये सावल्या चालू केल्या की फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) पडतो' म्हटलं की धागा सापडतो.

'लहानपणी खेळलेला लाल गाडीचा गेम कोणता?' इथे मात्र माझीही पंचाईत होते. उत्तर एकच, पण दुसऱ्या कोणाच्या कामाचं नाही. तो मी गप्पांकडे पाठवतो.