नौपाड्यातील सरावखोली : बेस गिटारच्या जलद लयीसाठी
नौपाड्यात तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या एका सरावखोलीत मी गेले दोन महिने बेस गिटारवर जलद लयीचे तुकडे घोटत आहे, आणि या कामासाठी ती खोली मला मनापासून आवडली आहे. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्याला चार स्वर वाजवायचे म्हणजे सेकंदाला आठ स्वर होतात. तर्जनी आणि मधले बोट यांचा आलटूनपालटून पडणारा आघात किंचितही असमान झाला, तरी तो ऐकू यायला हवा. घरी, शेजाऱ्यांचा विचार करून ठेवलेल्या बारीक आवाजात, तो लपून जातो. इथल्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवर मात्र डाव्या हाताने वेळेवर न थांबवलेल्या तारेची गुणगुणसुद्धा स्पष्ट कळते, त्यामुळे मी ७० ठोक्यांपासून सुरुवात करून, तुकडा स्वच्छ वाजल्यावरच मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) चार-चार ठोक्यांनी वाढवतो. एक उणीव होती: अ‍ॅम्प्लिफायर कोपऱ्यात असल्याने सर्वांत जाड तारेचा, सुमारे ४१ हर्ट्‌झचा स्वर घुमत असे. विनंती केल्यावर चालकांनी तो लगेच भिंतीपासून हातभर पुढे ओढून दिला आणि स्वर सुटे ऐकू येऊ लागले. शनिवारी संध्याकाळी बँडची गर्दी असते. एकट्याने सराव करणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी.