राजारामपुरीतलं टीव्ही एडिटिंगचं वर्कशॉप: शनिवार वसूल, रविवार बोंब

गेल्या शनिवार-रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत टीव्हीच्या एडिटिंगचं वर्कशॉप केलं, फी अठराशे. मी लग्नाचे व्हिडिओ कापतो, म्हटलं मालिकावाले काय करतात बघू तरी.

पहिला दिवस नाद खुळा. सरांनी एका डेली सोपचा ३ मिनिटांचा सीन आवाज बंद करून लावला आणि म्हणाले, कट झाला की वहीत रेघ मारा. माझे शॉट भरले ५२, म्हंजे एक शॉट जेमतेम साडेतीन सेकंद. त्यातले १९ नुसती तोंडं. सून म्हणते "मी जाणार नाही" की सासू, दीर, जाऊ सगळ्यांचे क्लोजअप, सासूची मान तर तीनदा वळली, तीच मान तोच शॉट. मी हसायचो याला, पण सर म्हणाले अहो बघणारी बाई भाकरी थापत असते, तिनं मान वर केली की चेहरा दिसलाच पाहिजे. आमची आई अगदी तशीच बघते की, तव्याकडं तोंड आणि कान टीव्हीकडं.

मालिकेत रात्रीच्या बेडरूममधीपण सावली का नसते? तर दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात, एकासाठी लाइट लावला तर दुसऱ्याचं बिघडतं, मग सगळीकडं सारखाच उजेड ओतायचा. १९५१ ला 'आय लव्ह लूसी' या अमेरिकन विनोदी मालिकेसाठी कार्ल फ्रॉइंडनं हे गणित बसवलं, आणि गंमत म्हंजे हाच बाबा १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचा कॅमेरामन, तिथं नुसता सावल्यांचा खेळ!

मग १८० डिग्रीचा नियम, आणि इथं मी घामाघूम. दोन माणसांमधी एक रेघ धरायची अन् कॅमेरे तिच्या एकाच बाजूला ठेवायचे. मी कायम एक कॅमेरा भटजींच्या मागं आणि दुसरा समोर, म्हंजे रेघेच्या दोन्ही बाजूंना लावत आलोय, त्यामुळं अंतरपाट धरलेला असताना कट मारला की नवरा-नवरी दोघंबी उजवीकडंच बघतायत, जणू आत्ताच रुसलेत. किती जणांची लग्नं अशी दिली असतील देव जाणे, एकानंबी तक्रार केली नाही.

रविवारी मात्र चार जणांत एक लॅपटॉप. प्रोजेक्टर निळा मारत होता आणि त्यावरच कलर करेक्शन, म्हंजे चित्राचे रंग नीट करणं, शिकवलं, आता काय बोलायचं. आवाज आधी आणि चित्र मागनं येतं तो जे-कट, खरं तर मला तोच पाहिजे होता, तो दहा मिनिटांत गुंडाळला. चहा बरा होता.

पाचातले साडेतीन. नुसता शनिवार हजारात देत असतील तर डोळे झाकून जावा, आणि गाडी लांब लावा, खाली जागा नाही.