वालेटा: बंदराकडून पाहायचे शहर

भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटदेशाची राजधानी असलेले वालेटा पाहून आलेले बहुतेक प्रवासी सेंट जॉनचे को-कॅथीड्रल हे मोठे चर्च आणि मधाच्या रंगाच्या दगडी इमारती यांविषयी भरभरून बोलतात. ते कौतुक रास्तच आहे. पण माझे मत असे झाले आहे की ज्या बंदरासाठी हे शहर वसवले गेले, त्या ग्रँड हार्बरच्या पाण्यावरून ते पाहिल्याशिवाय त्याची आखणी, त्याचे तट आणि त्याचा इतिहास यांपैकी काहीच नीट उलगडत नाही. क्रूझच्या बोटीने येणाऱ्यांना हे दर्शन आपोआप घडते, मात्र संध्याकाळच्या आत परतायचे असल्याने त्यांना वेळ पुरत नाही. विमानाने येणाऱ्यांकडे वेळ असतो, पण बस त्यांना शहराच्या मागच्या, जमिनीकडील वेशीवर सोडते आणि त्यांतले कित्येक जण पाण्याकडे न वळताच परत जातात.

या शहराचा जन्म एका वेढ्यातून झाला. १५६५ साली ऑटोमन सुलतान सुलेमान याच्या आरमाराने माल्टाला वेढा घातला, तेव्हा वालेटाच्या जागी एक ओसाड टेकडी आणि तिच्या टोकाला सेंट एल्मोचा छोटा किल्ला एवढेच होते. सेंट जॉनचे सरदार म्हणजे माल्टावर तेव्हा राज्य करणारा ख्रिस्ती लढवय्यांचा संघ, आणि त्यांचे ठाणे समोरच्या तीरावर, बिर्गू गावात होते. सेंट एल्मो जवळजवळ महिनाभर झुंजून २३ जूनला पडला, पण त्याने खाल्लेला वेळ ऑटोमन सैन्याला महागात पडला आणि सप्टेंबरमध्ये वेढा उठला. पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ रोजी, सरदारांचा प्रमुख झां द व्हालेत याने नव्या शहराचा पायाचा दगड बसवला. पोपने पाठवलेल्या फ्रान्चेस्को लापारेल्ली या अभियंत्याने आखणी केली आणि जिरोलामो कासार या स्थानिक वास्तुविशारदाने ती पुढे नेली. टेकडी सपाट करून मग रस्ते काढावेत असा मूळ विचार होता. परंतु शत्रू कधीही परत येईल या धास्तीने तेवढी सवड मिळाली नाही. म्हणून नकाशावर सरळ रेषेत दिसणारे रस्ते प्रत्यक्षात खोल उतरतात, पुन्हा चढतात आणि अनेक ठिकाणी त्यांच्या पायऱ्याच होतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. रिपब्लिक स्ट्रीट आणि मर्चंट्स स्ट्रीट या दोन लांब रस्त्यांवर त्यांना फारसा त्रास होणार नाही, पण आडव्या गल्ल्या मात्र दमवतात. त्याच गल्ल्यांतून दोन्ही बाजूंच्या समुद्राचा वारा खेळत राहतो, हेही तितकेच खरे.

बस जिथे सोडते तिथे ट्रायटनचे कारंजे आहे आणि त्यापुढे खंदकावरून शहराची वेस लागते. आजची वेस आणि तिला लागून असलेले संसद भवन हे रेन्झो पियानो या इटालियन वास्तुविशारदाचे काम आहे. ते २०१५ च्या सुमारास पूर्ण झाले आणि त्यावर बराच वाद झाला. मला ते आवडले. तटाला मध्येच खाच पाडावी तशी ती वेस आहे, कमान नाही की नक्षी नाही, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंच्या तटाची जाडी एकदम नजरेत भरते. शेजारी १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या ऑपेरागृहाचे अवशेष तसेच ठेवून त्यांत उघडे नाट्यगृह केले आहे. ते पुन्हा बांधून काढले नाही, हा निर्णय योग्यच वाटतो.

को-कॅथीड्रलसाठी किमान दोन तास हातात ठेवावेत. १५७० च्या दशकात कासारने बांधलेली ही वास्तू बाहेरून एखाद्या कोठारासारखी रुक्ष दिसते आणि आत पाऊल टाकताच डोळे दिपतात. छतावरची सेंट जॉनच्या जीवनावरील चित्रे मातिया प्रेती याने १६६० च्या दशकात काढली, पण मला छतापेक्षा जमीन जास्त खिळवून ठेवणारी वाटली. संपूर्ण फरशी म्हणजे सरदारांच्या सुमारे ४०० थडग्यांच्या रंगीत संगमरवरी शिळा आहेत. प्रत्येक शिळेवर त्या घराण्याचे चिन्ह, लॅटिन मजकूर आणि बहुधा एखादा सांगाडा, कवटी किंवा वाळूचे घड्याळ दिसते. एका शिळेपाशी थांबून पाहिले, तर सांगाड्याच्या बरगड्यांमधल्या सावल्यांसाठी करड्या रंगाच्या दोन-तीन छटांचे दगड वेगवेगळे कापून जडवलेले दिसतात, आणि सांध्यात नखही जाणार नाही इतकी ती जोडणी घट्ट आहे. टोकदार टाचांच्या चपला-बुटांनी आत येऊ देत नाहीत, याचे कारण ही फरशी पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. खांदे झाकलेले असावेत, हा नियमही पाळला जातो. तिकिटात श्राव्य मार्गदर्शक मिळतो. तो संथ आहे, पण माहिती नेमकी देतो.

याच वास्तूच्या प्रार्थनादालनात काराव्हाज्जोचे ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ हे १६०८ सालचे चित्र आहे. साडेतीन मीटरहून उंच आणि पाच मीटरहून रुंद असलेल्या या चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग म्हणजे नुसती तुरुंगाची रिकामी भिंत आहे. ज्या चित्रावर काराव्हाज्जोने स्वतःचे नाव घातले असे हे एकच, आणि ते नाव त्याने संताच्या गळ्यातून वाहणाऱ्या रक्तात लिहिले आहे. रोममध्ये हातून खून झाल्यामुळे पळालेला हा चित्रकार माल्टात येऊन सरदार झाला, काही महिन्यांतच नव्या भांडणापायी कैदेत पडला, तिथूनही निसटला, आणि त्याला संघातून काढून टाकण्याचा विधी याच दालनात, त्याच्याच चित्रासमोर पार पडला. हे ठाऊक असले की ती रिकामी भिंत वेगळीच दिसू लागते. सकाळी दार उघडताच गेल्यास हे दालन थोडा वेळ तरी शांत मिळते. क्रूझचे जथे आले की चित्रासमोर उभे राहणेही कठीण होते.

अप्पर बाराका उद्यानातून बंदराचे जे दृश्य दिसते ते सर्व पर्यटनपत्रिकांवर छापलेले असतेच. खालच्या बुरुजावर दुपारी बारा आणि चार वाजता तोफेची सलामी होते; ती पाहायला गर्दी उसळते, आणि कठड्याजवळची जागा हवी असल्यास बरेच आधी जावे लागते. माझा सल्ला असा की सलामी वरून पाहून झाली की तिथेच रेंगाळू नये. उद्यानाच्या कडेला असलेल्या ५८ मीटर उंचीच्या उद्वाहनाने थेट बंदराच्या काठावर उतरावे. तिथून पलीकडच्या तीरावरील बिर्गू, सेंगलिया आणि कॉस्पिकुआ या तीन नगरांना फेरीबोट जाते, आणि ‘दायसा’ नावाच्या रंगीत लाकडी होड्याही मिळतात. फेरीबोट स्वस्त आणि नियमित आहे, तरीही एकदा तरी दायसातून जावे. या होडीचे पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही टोकांचे खांब उंच उभारलेले असतात. आता बहुतेकांना छोटे इंजिन बसवलेले आहे, पण नावाडी काठाजवळ येताच ते बंद करून वल्ह्याने होडी लावतो.

पाण्याच्या मध्यावर पोहोचल्यावर हे शहर खरे कळते. वर उद्यानात असताना जे तट कठड्याएवढे वाटले होते ते इथून सरळ आभाळात चढलेले दिसतात, आणि कातळ कुठे संपतो व बांधकाम कुठे सुरू होते हे सांगता येत नाही, कारण दगड दोन्हीकडे एकच आहे. हा चुनखडीचा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, करवतीने कापता येतो आणि हवेत राहून त्याचा पृष्ठभाग टणक होतो. खाऱ्या वाऱ्याने तो काही जागी असा कोरला गेला आहे की चिऱ्यांच्या कडा पुढे राहून पोटे आत गेली आहेत. डावीकडे सेंट एल्मो आणि बंदराचे तोंड, समोर सेंट अँजेलोचा किल्ला आणि उजवीकडे सेंगलियाच्या टोकावरचा पहारेकऱ्याचा मनोरा, ज्यावर दगडात एक डोळा आणि एक कान कोरलेला आहे. ही ठिकाणे एका नजरेत आली की १५६५ च्या वेढ्यात कोण कुठून तोफा डागत होते हे पुस्तकाविना समजते. १८७८ साली रशियाशी तणाव वाढला, तेव्हा ब्रिटिश सरकारने सुमारे ७,००० हिंदी सैनिक जहाजांनी माल्टाला आणले होते आणि त्यांत मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. १८८८ साली मुंबईहून लंडनला निघालेले तरुण मोहनदास गांधीही बोट इथे थांबली तेव्हा उतरून शहर पाहून आले होते. म्हणजे आपल्याकडून गेलेल्या त्या काळच्या माणसांनी वालेटा प्रथम पाहिले ते पाण्यावरूनच.

बिर्गूमध्ये उतरल्यावर अर्धा दिवस सहज जातो. सेंट अँजेलोच्या माथ्यावरून परतीचे दृश्य बाराकावरच्या दृश्याहून सरस आहे, कारण इथून वालेटा स्वतः समोर असते. गावातल्या अरुंद गल्ल्यांत दारापुढे कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे दिसतात. पर्यटकांची वर्दळ वालेटाच्या मानाने पुष्कळच कमी आहे.

खाण्याच्या बाबतीत वालेटाला मी पैकीच्या पैकी गुण देणार नाही. पस्तित्सी ही खुसखुशीत पदरांची पोटभरीची वस्तू रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण भरून मिळते आणि ती गरमच खावी. तिच्या पिठात पूर्वापार डुकराची चरबी वापरत असल्याने काटेकोर शाकाहारी मंडळींनी विचारूनच घ्यावी. बाकला जातीच्या कडधान्याचा, लसूण घातलेला ‘बिगिल्ला’ पावाबरोबर फार छान लागतो. ‘फ्तीरा’ या गोल पावात बहुधा ट्यूना मासा असतो, पण सांगितल्यास केपर, ऑलिव्ह आणि टोमॅटोवर भागवून देतात. किनी हे कडू संत्र्याचे पेय पहिल्या घोटाला आवडत नाही, दुपारच्या उन्हात मात्र तेच हवेसे वाटते. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. नाराजी आहे ती मुख्य चौकांतल्या टेबलांविषयी. तिथल्या एका उपाहारगृहात न मागता आलेल्या पावाचे आणि ऑलिव्हचे पैसे बिलात लावले गेले, आणि विचारल्यावर तसा शिरस्ताच असल्याचे सांगण्यात आले. दोन गल्ल्या खाली उतरले की तेच पदार्थ कमी दरात आणि अधिक आपुलकीने मिळतात.

मुक्काम वालेटातच करावा, असे मी आग्रहाने सांगेन. अनेक जण किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांसाठी स्लिएमा किंवा सेंट ज्युलियन्सला राहतात आणि शहराचा सर्वांत सुंदर वेळ, म्हणजे क्रूझची गर्दी ओसरल्यानंतरची संध्याकाळ, गमावतात. तेव्हा ‘गलारीया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाकडी बंद सज्ज्यांवर तिरपे ऊन येते आणि त्यांचे हिरवे, तांबडे, निळे रंग पूर्ण खुलतात. मात्र जुन्या वाड्यांतील निवासांत बऱ्याच ठिकाणी उद्वाहन नसते, जिने चक्री व अरुंद असतात आणि चर्चच्या घंटा पहाटेपासून वाजतात. खोली ठरवताना मजला विचारून घ्यावा. एक खंतही नोंदवायला हवी. तटाच्या आत आता जेमतेम पाच-सहा हजार माणसे राहतात आणि घरांची पर्यटकनिवासे होण्याचा वेग डोळ्यांना जाणवतो. शहराच्या दुसऱ्या अंगाच्या मार्सामशेट बंदरापलीकडे स्लिएमाच्या बाजूला उभे राहिलेले उंच मनोरेही या शहराच्या क्षितिजाला शोभत नाहीत.

जाण्याचा काळ म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दगड इतका तापतो की दुपारी बाहेर पडवत नाही. शेंगेन व्हिसा लागतो, चलन युरो आहे, वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि इंग्रजी सर्वत्र चालते. रविवारी को-कॅथीड्रल पर्यटकांसाठी बंद असते, त्यामुळे तो दिवस सेंट एल्मोमधील युद्धसंग्रहालयाला द्यावा. १९४२ साली ब्रिटनच्या राजाने संपूर्ण बेटाला दिलेला जॉर्ज क्रॉस हा शौर्यसन्मान तिथे ठेवलेला आहे. जवळच्या पाओला गावातील हाल-सफ्लिएनी हे जमिनीखालील प्रागैतिहासिक दफनस्थळ पाहायचे असेल, तर त्याचे तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढावे, कारण एका वेळी फक्त दहा जणांना आत सोडतात आणि ऐन हंगामात कित्येक आठवडे आधी जागा संपतात.