विमेन इन द मटेरियल वर्ल्ड: बायकांनी टिपलेलं बायकांचं रोजचं जगणं, जुनी प्रत दिसली तर घेऊनच टाका

पुण्यात किलोच्या भावाने जुनी इंग्रजी पुस्तकं विकणारी प्रदर्शनं लागतात ना, तशा एका प्रदर्शनात मला हे मिळालं आणि तेव्हापासून ते कपाटात गेलेलंच नाहीये, कारण घरी जी येते ती उचलते, मग आई असो, मावशी असो की शेजारच्या काकू. इंग्रजी फारसं न वाचणाऱ्या बायकासुद्धा फोटोंवरून तासभर बोलत बसतात, त्यामुळे म्हटलं यावर नीट लिहायलाच हवं.

पुस्तक १९९६ सालचं आहे. त्याच्या आधी १९९४ मध्ये पीटर मेन्झेल या फोटोग्राफरने मटेरियल वर्ल्ड नावाचं पुस्तक केलं होतं, ३० देशांतली ३० साधारण कुटुंबं निवडायची, त्यांच्या घरातलं सगळं सामान बाहेर मांडायचं आणि त्या पसाऱ्यासकट घरच्यांचा एक फोटो काढायचा. मालीमधल्या एका कुटुंबाचा मातीच्या घराच्या गच्चीवरचा फोटो कदाचित तुम्ही कुठेतरी बघितलाही असेल. पण त्या फोटोत सामानाच्या मागे जी बाई उभी आहे तिचं म्हणणं काय, हे राहूनच जातं. ते ऐकायला फेथ डी'अलुइसिओ यांनी हे दुसरं पुस्तक केलं, २० देशांतल्या कुटुंबांकडे, त्यातली बरीचशी पहिल्याच पुस्तकातली, महिला फोटोजर्नालिस्ट गेल्या, आणि या वेळी प्रश्न थेट घरातल्या बाईला विचारले, लग्न कसं झालं, पैसे कोणाच्या हातात असतात, मुलं, काम, पुढे काय हवंय. मालीच्या त्या घरात एका नवऱ्याच्या दोन बायका आहेत, आता ते घर त्यातल्या एकीच्या तोंडून ऐकायचं म्हणजे सगळंच चित्र बदलतं.

मला सगळ्यात भिडलं ते हे की फोटो अगदी साध्या कामांचे आहेत. कपडे धुणं, स्वयंपाक, पोरं सांभाळणं. आणि कॅमेऱ्यामागे बाई असल्याचा फरक कळतो हो, खरंच कळतो, अनेक फोटोंत त्या बायका पोज देत नाहीयेत, पदर सावरत नाहीयेत, हातातलं काम चालूच आहे. परका पुरुष कॅमेरा घेऊन दारात आला असता तर आपल्याकडच्याही किती घरांत त्याला ओटीवरच बसवून चहा दिला असता आणि स्वयंपाकघराचं दार त्याला दिसलंही नसतं.

हे पुस्तक बघून झालं की एकदा आपल्या घरचे अल्बम काढा. बारसं, मुंज, लग्न, डोहाळजेवण, सत्यनारायण. आजी प्रत्येक फोटोत ठेवणीतल्या साडीत, हात जोडून किंवा नातवंड मांडीवर घेऊन. तिने आयुष्यातला निम्मा वेळ जिथे घालवला त्या ओट्यापाशी तिचा एक फोटो सापडतो का बघा. आमच्याकडे नाही सापडला. आणि वर्षानुवर्षं धुणं-भांडी करायला येणाऱ्या मावशी तर कुठेच नाहीत, कडेला अर्धवट कापलेल्यासुद्धा नाहीत. याच पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, संघटना उभी केली, केवढी मोठी गोष्ट आहे ती, आणि तरी त्यांच्या कामाच्या दिवसाचे फोटो आपल्या घरांत नसावेत याचं मला फार वाईट वाटलं.

होमाई व्यारावाला यांचं इथे आठवतं. भारतातल्या पहिल्या महिला फोटोजर्नालिस्ट, नवसारीत १९१३ साली जन्म, २०११ मध्ये पद्मविभूषण, पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने. त्यामुळे बाईने काढलेला फोटो बाईच्याच नावाने छापला जाणं हे मला छोटं वाटत नाही, आणि या पुस्तकातली माझी पहिली तक्रार तीच आहे, फोटो कोणी काढले ते अजून ठळकपणे दिसायला हवं होतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. एका देशाला एकच घर. भारतासाठी उत्तर प्रदेशातलं अहरौरा नावाचं गाव घेतलंय, ते घर, ती बाई, तिचे कष्ट सगळं खरंच आहे, पण परदेशातला वाचक तेवढ्यावरून भारतातली बाई अशी असते म्हणणार, आणि त्यात कोल्हापूरची शेतकरीण नाही, पुण्यातली नर्स नाही, कोणीच नाही. मग उलटही विचार करावा लागतो, आपण तरी भूतानची किंवा हैतीची बाई त्या एका घरावरून ठरवायची का? तर नाही. एकेका बाईची ओळख म्हणून वाचलं तर पुस्तक फार सुंदर आहे.

आणि एवढ्या वर्षांत सगळीकडे मोबाइल आले, त्यामुळे काही पानं जुनी वाटतात. मला ते खटकलं नाही.

हे आवडलं तर पुढे मेरी एलन मार्क या अमेरिकन फोटोग्राफरचं मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीतलं काम बघा. १९६८ मध्ये त्यांनी तिथे फोटो काढायचा प्रयत्न केला तेव्हा तिथल्या बायकांनी हाकलून लावलं, आणि १९७८ मध्ये त्या पुन्हा गेल्या, रोज जात राहिल्या, तेव्हा कुठे त्या बायकांनी त्यांना आत घेतलं. ते फोटो बघायला जड जातात, लहान मुलांसमोर उघडू नका, पण माणसाचा विश्वास मिळवायला किती वेळ द्यावा लागतो ते त्यातून कळतं.

विमेन इन द मटेरियल वर्ल्ड मात्र शाळेतल्या मुलींच्या हातात बिनधास्त द्या. भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी तर वर्गात न्यावंच, एकेका देशाचं घर उघडायचं आणि मुलींना विचारायचं, इथे सगळ्यात आधी कोण उठत असेल? इंग्रजी फार अवघड नाही, मुलाखती प्रश्नोत्तरांच्या आहेत, आठवी-नववीची मुलगी आरामात वाचेल. नवी प्रत दुकानात सहसा दिसत नाही, जुनीच शोधावी लागते, आकार मोठा आहे आणि वजनही बरंच आहे, त्यामुळे घेताना मधली पानं सुटलेली नाहीत ना आणि बाइंडिंग धड आहे ना ते तिथेच उघडून बघा.