पोटाने श्वास की छातीने?

सदाशिव पेठेत गाणं शिकणारी भाची परवा वैतागली होती. "मावशी, गुरुजी म्हणतात पोटाने श्वास घे, जिमवाला म्हणतो छाती फुगव. ऐकू कुणाचं?"

हवा पोटात जातच नाही. दोन्ही प्रकारांत ती फुप्फुसांतच जाते. तिला जागा कोण करून देतं, एवढाच फरक.

मेहनत: पोटाच्या श्वासात श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) खाली सरकतं, म्हणून पोट पुढे येतं. निवांत बसल्यावर बहुतेक काम तेच करतं, दमायला होत नाही. छातीच्या श्वासात बरगड्यांमधले स्नायू जास्त राबतात.

जागा: इथे बरगड्या भाव खातात. 12 जोड्यांपैकी वरच्या उचलल्या की छातीचं हाड पुढे-वर येतं. खालच्या मात्र बादलीच्या कडीसारख्या बाजूला उचलल्या जातात. दोन्ही तळहात कुशीला लावून खोल श्वास घ्या, हात लांब सरकतात. नुसते खांदे उचलून घेतलेला श्वास दिसतो मोठा, पण आखडते ती मान.

तेव्हा झोपण्यापूर्वी, निवांत बसल्यावर पोटाचा. लांब तानेला पोट आणि खालच्या बरगड्या, दोन्ही. सिंहगडाच्या चढावर छाती आपणहून कामाला लागते. तिथे तिला अडवू नये.