आठ महिने शीटवर चालवलेली उमेदवारांची छाननी

आमच्याकडे भरतीचं काम बघणारे आम्ही दोघंच. अर्ज मेलवर यायचे, चाचणीचे गुण वहीत लिहिले जायचे आणि मुलाखत घेणाऱ्यांचे शेरे चॅटमध्ये कुठेतरी हरवायचे. गेले आठ महिने हे सगळं गूगल फॉर्म, गूगल शीट आणि झॅपियरवर (एका अ‍ॅपमध्ये काही झालं की दुसऱ्यात आपोआप काम करून देणारी सेवा) चालवतेय. मला कोडिंग येत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मेलचा त्रास मात्र खरंच गेला. अर्ज आला की पोच जाते, टप्पा बदलला की पुढची सूचना. झॅपियरच्या फुकट प्लॅनमध्ये महिन्याला 100 टास्क मिळतात आणि एक मेल म्हणजे एक टास्क, त्यामुळे पहिल्याच भरतीत ते आठवड्याभरात संपले. मग अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे शीटला जोडून छोटा कोड चालवायच्या गूगलच्याच सोयीत, तयार कोड चिकटवला. ('नो-कोड', म्हणजे कोडशिवाय काम, ते एवढंच!) तिथेही साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला 100 जणांनाच मेल जातो.

खरा दणका दुसऱ्या महिन्यात बसला. फॉर्मच्या मूळ उत्तरांवरून क्वेरी फॉर्म्युल्याने (नवं उत्तर आलं की यादी आपोआप बदलते) गुणांच्या उतरत्या क्रमाने यादी काढली होती आणि तिच्या शेजारच्या कॉलममध्ये सगळे शेरे टाइप करत होते. एका रात्री भरपूर गुण मिळवलेला नवा अर्ज आला आणि वर जाऊन बसला. खालची सगळी नावं एकेक ओळ सरकली, शेरे मात्र जागच्या जागी. सकाळी एका मुलाला नकार गेला. तो शेरा होता त्याच्या खालच्या उमेदवाराचा! फोन करून माफी मागितली. तो मुलाखतीला आला, हा त्याचा मोठेपणा.

आता प्रत्येक अर्जाला क्रमांक असतो, शेरे वेगळ्या फॉर्ममधून येतात आणि एक्सलुकअप हा शोधून आणणारा फॉर्म्युला ते क्रमांकावरून जुळवतो. नावावरून जुळवायच्या फंदात पडू नका, एकाच नावाचे दोघं कधीतरी येतातच. ईमेल पत्त्यावरून जुळवलं तर त्याच्या शेवटी राहिलेली एक स्पेसही जुळणी मोडते.

वेगळ्या फॉर्मचा आणखी एक फायदा म्हणजे एका मुलाखत घेणाऱ्याने दिलेले गुण दुसऱ्याला दिसत नाहीत. पूर्वी मी कॉलम लपवून ठेवायचे. पण एडिटचा हक्क असलेला कोणीही तो उघडू शकतो, म्हणजे लपवून उपयोग शून्य.

सरासरीनेही फसवलं. अ‍ॅव्हरेज रिकामा सेल सोडून देतं, शून्य मात्र मोजतं. एक जण न विचारलेल्या प्रश्नाला शून्य द्यायचा आणि चांगली मुलं खाली जायची. शिवाय एकाचा 3 म्हणजे दुसऱ्याचा 4. त्यावर स्टँडर्डाइझ फॉर्म्युला (प्रत्येकाने दिलेले गुण त्याच्याच सरासरीशी ताडणारा) लावून पाहिला, पण एकेकाच्या वाट्याला सहा-सातच उमेदवार, त्यात गणित कसलं जमणार? शेवटी प्रत्येक प्रश्नाखाली 1, 3 आणि 5 गुण कशाला द्यायचे ते दोन ओळींत लिहिलं. वाद बरेच कमी झाले.

आपोआप नकार पाठवणं बंद केलंय. अनुभवाच्या रकान्यात लोक '2', 'दोन वर्षं', 'फ्रेशर पण इंटर्नशिप केलीय' असं काहीही लिहितात आणि फॉर्म्युल्याला त्यातलं फक्त पहिलं कळतं. आता चेकबॉक्सवर आमच्यापैकी कोणीतरी टिक केल्याशिवाय नकाराचा मेल सुटत नाही. मुलाखतीच्या वेळा अजून फोनवरच ठरतात आणि त्याचं मला काही वाटत नाही.

एक काम राहिलंय. जुन्या उमेदवारांचे फोन नंबर अजून त्याच शीटमध्ये पडून आहेत, ते पुसायला हवेत.